दोन पगारांचे प्रमाणपत्र

नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा फी ३०० अमेरिकी डॉलर आहे आणि तिच्यावर आपल्याकडे १८ टक्के जीएसटी लागतो. २०२२ मध्ये मी या परीक्षेचा विचार करू लागलो, तेव्हा डॉलर ८० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे एकदा परीक्षेला बसायचेच २८ हजारांच्या वर पैसे होत होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी कंत्राटदारामार्फत आयटी सहायक म्हणून काम करत होतो आणि महिन्याला १४ हजार रुपये हातात पडत होते. खोलीचे भाडे, मेस, गावी पाठवायचे पैसे, यांपैकी काहीही न देता दोन महिन्यांचा पगार जसाच्या तसा बाजूला ठेवला असता, तरच एका परीक्षेची फी जवळपास जमली असती. शिवाय नापास झाल्यास ती फी बुडते, पाच दिवस थांबून पुन्हा सगळी रक्कम भरावी लागते, आणि उत्तीर्ण झालो तरी प्रमाणपत्र तीनच वर्षे चालते.

मी अंबाजोगाई तालुक्यातला. बी.एस्सी. संगणकशास्त्राची पदवी घेऊन छत्रपती संभाजीनगरला आलो तेव्हा माझ्याजवळ पदवीखेरीज एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र होते. २००१ साली सुरू झालेला हा अभ्यासक्रम आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी केलेला असतो, कारण राज्य शासनाच्या नोकरीत संगणक हाताळण्याची पात्रता दाखवण्यासाठी तो चालतो. त्याचा उपयोग तेवढाच आणि त्याची फीही त्या मानाने परवडणारी. कारखान्यातील नेटवर्कचे काम मागताना मात्र तो कोणी विचारत नाही. म्हणून पुढे काय शिकावे याची चौकशी मी सुरू केली आणि पर्याय बरेच निघाले. विद्यापीठ परिसरात नायलिट या संगणक अभ्यासक्रम चालवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे केंद्र आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएल या उपक्रमाचे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य पाहता येतात आणि प्रमाणपत्र हवे असेल तर तेव्हा १,००० रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा देता येत होती. मायक्रोसॉफ्टच्या प्राथमिक पातळीच्या प्रमाणपत्रांना मुदत नसते, आणि त्यांच्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्रांना एका वर्षाची मुदत असली तरी नूतनीकरण ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ॲमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेची, सर्वांत प्राथमिक परीक्षा १०० डॉलरची. कॉम्पटिया या संस्थेचे ए प्लस हे संगणक देखभालीचे प्रमाणपत्र दोन पेपर देऊन मिळते आणि दोन्हींची फी वेगवेगळी भरावी लागते.

यांपैकी सर्वांत चांगले कोणते, असे विचारत बसलो असतो तर उत्तर मिळाले नसते. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालना येथील नोकऱ्यांच्या, तसेच पुण्यातील नवख्यांसाठीच्या जाहिराती मी काही आठवडे वाचत राहिलो आणि प्रत्येक जाहिरातीत नेमकी कोणती अट लिहिली आहे ते एका वहीत उतरवत गेलो. क्लाउडची अट जवळजवळ सगळी पुण्याच्या जाहिरातींत होती. ए प्लसचा उल्लेख फारच थोड्या ठिकाणी दिसला. कारखान्यांच्या आणि कारखान्यांना सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत मात्र ‘सीसीएनए असल्यास प्राधान्य’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. त्याचे कारण मला पुढे एका सेवा पुरवठादार कंपनीतल्या माणसाकडून कळले. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि मोठे कारखाने नेटवर्कच्या देखभालीची निविदा काढतात, तेव्हा प्रमाणपत्रधारक अभियंते दाखवण्याची अट त्यात बहुधा असते. उत्पादक कंपनीचे अधिकृत भागीदार म्हणून टिकून राहायचे असेल तरीही असे कर्मचारी दाखवावे लागतात. प्रमाणपत्राची खरी गरज या दोन ठिकाणी असते. गिऱ्हाईक तेथे आहे, आणि त्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आपण राहतो की नाही, हे फी भरण्याच्या आधी पाहायला हवे असे मला तेव्हा पटले आणि आजही पटते.

पुण्यातील एका प्रशिक्षण संस्थेत मी चौकशीला गेलो होतो. काउन्सेलरने ४५ हजारांचा आकडा सांगितला आणि सोबत ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असेही सांगितले. प्रवेशाचा अर्ज मी तेथेच बसून संपूर्ण वाचला. त्यात हमी हा शब्द कोठेही नव्हता, नोकरी शोधण्यास ‘सहकार्य’ करण्यात येईल एवढेच होते, आणि परीक्षेची फी या रकमेत धरलेली नव्हती. म्हणजे खर्च ७३ हजारांच्या पुढे. आमच्या गावाकडची मुले शेतीचा माल विकून आलेल्या पैशातून ही फी भरतात, म्हणून येथे मी स्पष्टपणे लिहितो की तोंडी सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले यांतला फरक तेथे बसल्या बसल्याच तपासावा. तशाच आणखी एका ठिकाणी परीक्षेतील प्रश्न आधीच पाठ करून देण्याची सोय असल्याचे मला हलक्या आवाजात सांगण्यात आले. असे प्रश्नसंच वापरणे परीक्षेच्या करारात निषिद्ध आहे, उघडकीस आल्यास निकाल रद्द होतो आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते. पण माझा आक्षेप त्याहून साधा होता. रात्रपाळीत लाइन बंद पडली आणि उत्पादन व्यवस्थापक मागे उभा राहिला, तर पाठ केलेल्या प्रश्नांचा मला काहीही उपयोग होणार नव्हता.

घरी विषय काढला तेव्हा आप्पांनी फीच्या आकड्यावर फार चर्चा केली नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हे किती दिवस चालतंय?” तीन वर्षे, असे मी सांगितले. ते म्हणाले, “तीन वर्षाला परत भरायचं म्हणल्यावर हे ट्रॅक्टरच्या विम्यावानीच झालं की. ट्रॅक्टर चालला तर परवडंल, नाहीतर नाही.” वहीतल्या जाहिराती त्यांनी पाहिल्या नव्हत्या, तरी मी जे शोधत होतो ते त्यांनी नेमके सांगितले. मुदत संपणाऱ्या प्रमाणपत्राची किंमत एकदाची धरून चालत नाही, ती वर्षाला वाटून घ्यावी लागते. २८ हजार भागिले तीन, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजारांच्या आसपास. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवल्यावर निर्णय सोपा नाही तरी स्वच्छ झाला.

कारखान्यातील आमचे वरिष्ठ अभियंते स्वतः जुने प्रमाणपत्रधारक होते. सर म्हणाले, “अरे, पुस्तक आजच सुरू कर. फीचं नंतर बघ. सराव परीक्षेत सलग चांगले गुण पडू लागले की मगच पैसे भर. अभ्यासाला कोण पैसे मागतंय?” या सल्ल्याने माझी मोठी काळजी दूर झाली. अभ्यासाचे आणि प्रमाणपत्राचे पैसे वेगळे आहेत हे लक्षात आल्यावर पहिला भाग मी जवळजवळ फुकटात पार पाडला. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नाव नोंदवल्यास विनामूल्य मिळते. त्यात राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारे यंत्र), स्विच (एकाच नेटवर्कमधली यंत्रे जोडणारे यंत्र), केबल सगळे पडद्यावर जोडून पाहता येते. यूट्यूबवर संपूर्ण अभ्यासक्रम शिकवणारे चांगले शिक्षक आहेत. अधिकृत मार्गदर्शक दोन जाडजूड खंडांत आहे, तो मी एका मित्राकडून निम्म्या किमतीत घेतला. याशिवाय जुन्या बाजारातून सिस्कोच्या २९६० मालिकेचा एक स्विच, त्याला संगणक जोडण्याची कन्सोल केबल आणि यूएसबीचे जोडसाधन असे पाच हजार रुपयांत आणले. ९६०० चा वेग, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, अशी संगणक-स्विच जोडणीची मांडणी करून काळ्या खिडकीत पहिल्यांदा त्या स्विचचे नाव उमटले, तेव्हापासून पुस्तकातल्या आज्ञा मला परक्या वाटेनाशा झाल्या.

२०० - ३०१ या क्रमांकाची ही परीक्षा २०२० च्या फेब्रुवारीपासून लागू झाली. तिच्यात आयपी कनेक्टिव्हिटीला (नेटवर्क एकमेकांशी जोडण्याला) २५ टक्के, नेटवर्कच्या मूलभूत भागाला आणि नेटवर्क ॲक्सेसला प्रत्येकी २०, सुरक्षेला १५, तर आयपी सेवांना आणि ऑटोमेशनला प्रत्येकी १० टक्के भार आहे. माझा सर्वाधिक वेळ सबनेटिंगने, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते लहान भागांत वाटण्याच्या गणिताने, घेतला. १९२.१६८.१०.० या नेटवर्कला /२६ चा मास्क (भाग केवढा असेल हे ठरवणारा आकडा) लावला तर प्रत्येकी ६४ पत्त्यांचे चार भाग पडतात, त्यांतील पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सर्वांना एकदम संदेश देण्याचा), म्हणून यंत्रांना ६२ उरतात, हे समजायला एक संध्याकाळ पुरते. पण दिलेला पत्ता कोणत्या भागात पडतो हे कागदाशिवाय काही सेकंदांत सांगता येण्यासाठी हात बसावा लागतो. कंपनीच्या बसमध्ये समोरच्या गाडीच्या पाटीवरचे आकडे घेऊन मी ही गणिते सोडवत असे.

अभ्यासाचा पहिला परतावा परीक्षेच्या आधीच मिळाला. एका दुपारी शॉप फ्लोअरवरील बारकोड प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि कार्यालयातील संगणक एकाच वेळी अडखळू लागले. पूर्वी अशा वेळी आम्ही रॅकमधील सगळे स्विच एकामागून एक बंद करून चालू करत असू आणि कारण न कळताच काम पुढे ढकलले जाई. या वेळी रॅक उघडल्यावर पहिल्यांदा दिव्यांकडे पाहिले, तर जवळजवळ सर्व पोर्ट एकाच तालात लुकलुकत होते. मुख्य स्विचच्या नोंदींमध्ये तेच ते मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचे स्वतःचे ओळखक्रमांक) क्षणात एका पोर्टवर, क्षणात दुसऱ्यावर दिसत असल्याचे संदेश धावत होते आणि त्या प्रत्येक संदेशात एक पोर्ट समान होते. त्या पोर्टची केबल काढताच सगळे शांत झाले. केबलच्या मागे चालत गेल्यावर पॅकिंग विभागातील टेबलाखाली एक साधा आठ पोर्टचा स्विच सापडला. साफसफाई करताना कोणीतरी मोकळ्या लोंबणाऱ्या पॅच कॉर्डचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये खोचून ठेवले होते. त्यामुळे कडे तयार होऊन तेच संदेश नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत होते. सरांच्या परवानगीने आम्ही नंतर टोकाच्या सर्व पोर्टांवर बीपीडीयू गार्ड ही स्विचमधली सोय लावली, म्हणजे पुन्हा असे कडे तयार झाल्यास तेवढेच पोर्ट आपोआप बंद व्हावे. अशी कडी रोखणाऱ्या स्पॅनिंग ट्री या पद्धतीचे प्रकरण मी त्याच महिन्यात वाचले होते. ते वाचायला मला एक रुपयाही पडला नव्हता, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबात मी कधी विसरलो नाही.

सराव परीक्षांमध्ये गुण स्थिर झाल्यावर फी भरली. नोंदणी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर होते आणि तेथे नाव ओळखपत्रावर जसे आहे तसेच तंतोतंत लिहावे लागते. आपल्याकडे पदवीवर आडनाव आधी, एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण तर दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, असा प्रकार सर्रास असतो. मी पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवले. ही परीक्षा घरूनही देता येते, पण तेव्हा कॅमेऱ्यासमोर एकटे बसावे लागते आणि वीज किंवा इंटरनेट गेल्यास परीक्षा मध्येच तुटण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे मी पुण्याचे केंद्र निवडले. रात्रीच्या एसटीने वाकडेवाडीला उतरलो. केंद्रावर मोबाइल, घड्याळ, पाकीट सगळे लॉकरमध्ये ठेवायला लावले, छायाचित्र आणि सही घेतली, आणि लिहायला पुसता येणारा एक फलक आणि मार्कर दिला. वेळ सुरू होताच मी त्या फलकावर १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५ ही मास्कची ओळ लिहून घेतली. वेळ १२० मिनिटांचा असतो आणि एकदा पुढे गेलेल्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. शाळेपासून अवघड प्रश्न मागे ठेवण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना या गोष्टीचा सराव मुद्दाम करावा लागतो. मी उत्तीर्ण झालो.

त्यानंतर वर्षभर पगारात एक रुपयाचीही वाढ झाली नाही. कंत्राटदाराचा कंपनीशी झालेला करार पदागणिक ठरावीक दराचा होता. त्या पदावरील माणूस काय शिकला आहे याला त्यात जागाच नव्हती. माझ्या कामावर खूश असलेल्या सरांनी प्रयत्न केला, पण त्यांच्याही हातात काही नव्हते. हा मुद्दा मी विस्ताराने लिहितो, कारण प्रमाणपत्र मिळाले की आहे त्याच ठिकाणी पगार वाढेल अशी समजूत फार पसरलेली आहे. कंत्राटी पदावर तसे बहुधा होत नाही. आणि या काळात तीन वर्षांची मुदत मात्र चालूच असते. म्हणून आता कोणी विचारले तर मी सांगतो की परीक्षेची तारीख घेतली त्याच आठवड्यात नोकरीचे अर्जही सुरू करावेत.

दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक पुण्यातील नेटवर्क निगराणी केंद्र होते, आलटून पालटून रात्रपाळी आणि महिना २६ हजार. दुसरी छत्रपती संभाजीनगरचीच सेवा पुरवठादार कंपनी होती. वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या कारखान्यांची देखभाल आणि महिना २१ हजार, प्रवासाचा खर्च वेगळा. पाच हजारांचा फरक पाहून मित्रांनी पुणे सुचवले. मी दोन्हींचा खर्च मांडला. पुण्यात कॉटचे भाडे सात हजार, मेस साडेतीन हजार आणि येण्याजाण्याचे दोन हजार धरले, तर हातात साडेतेरा हजार उरत होते. येथे खोलीतला माझा वाटा अडीच हजार आणि मेस दोन हजार आठशे, म्हणजे पंधरा हजार सातशे उरत होते, आणि गाव एका एसटीच्या अंतरावर होते. पुण्यात पुढे वाढ लवकर होते हे खरे आहे आणि ज्याला क्लाउडकडे वळायचे आहे त्याने तिकडेच जावे. मला कारखान्यांच्या नेटवर्कमध्येच राहायचे होते, म्हणून मी येथे थांबलो.

मुलाखतीचे दोन भाग झाले. पहिल्या भागात मनुष्यबळ विभागातील ताईंनी प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन तो खरा असल्याची ऑनलाइन खात्री करून घेतली. तो नसता तर माझा अर्ज पुढे गेलाच नसता, असे त्यांनी स्वतःच सांगितले. दुसऱ्या भागात तांत्रिक प्रमुखांनी प्रमाणपत्राचे नावही काढले नाही. त्यांनी हातात मार्कर दिला आणि विचारले, “या संगणकावरून दुसऱ्या व्हीएलएएनमधल्या प्रिंटरला पिंग केलं, तर एआरपीची विचारणा कोण कोणासाठी करेल, सांगा.” व्हीएलएएन म्हणजे त्याच स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क, पिंग म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारा संदेश, आणि एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणे. संगणक प्रिंटरचा मॅक पत्ता विचारत नाही, आपल्या डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कच्या वाटेवरील यंत्राचा, विचारतो, आणि प्रिंटरचा पत्ता गेटवे पलीकडच्या बाजूला विचारतो, पहिले पिंग अनेकदा वाया जाते ते याच विचारपुशीत. हे फळ्यावर काढून दाखवल्यावर पुढचा अर्धा तास आम्ही बारकोड प्रिंटर आणि त्या पॅकिंग विभागातल्या स्विचविषयीच बोलत होतो.

त्यामुळे परताव्याचा हिशेब करताना सात हजारांची सगळी वाढ मी प्रमाणपत्राच्या नावावर टाकत नाही. निम्मी त्याची आणि निम्मी अभ्यासाची असे धरले, तर महिन्याला साडेतीन हजार होतात. फी, स्विच, पुस्तक, प्रवास मिळून माझा खर्च ३८ हजारांच्या आत होता. तो अकरा महिन्यांत भरून निघाला. तीन वर्षांपैकी पहिले वर्ष कोरडे गेले असे धरूनही उरलेल्या दोन वर्षांत ८४ हजार रुपये प्रमाणपत्राने मिळवून दिले. सुट्टीच्या दिवशीही गावी न जाता केलेला अभ्यास यात धरलेला नाही, त्याला दर लावणे मला जमलेले नाही. मात्र संस्थेचे ४५ हजार भरले असते तर हाच हिशेब जेमतेम बरोबरीला आला असता.

मुदत संपायला आली तेव्हा पुन्हा वही काढली. पुन्हा तीच परीक्षा देणे, वरच्या पातळीची परीक्षा उत्तीर्ण होणे, किंवा सिस्कोच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतून ३० श्रेयांक मिळवणे, असे मार्ग होते. तोवर रुपया घसरला होता आणि ३०० डॉलर अधिक कर म्हणजे ३० हजारांवर रक्कम जात होती. वरच्या पातळीची एनकोर ही परीक्षा ४०० डॉलरची. सिस्को अधूनमधून काही अभ्यासक्रम मर्यादित काळासाठी विनामूल्य उघडते. मी वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवून ३० श्रेयांक पूर्ण केले आणि फी न भरता प्रमाणपत्र आणखी तीन वर्षांसाठी चालू राहिले. कंपनीला निविदांसाठी ते हवेच होते, म्हणून अभ्यासक्रमाच्या वेळेपुरती कामातून सवलत द्यावी अशी मी विनंती केली आणि ती लेखी मिळाली. एनकोरची फी भरण्याची कंपनीची तयारी आहे, पण त्याबदल्यात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा करार त्यांना हवा आहे. वाळूज-शेंद्र्याच्या जाहिरातींत एनकोरची अट मला अजून क्वचितच दिसते, त्यामुळे मी एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव दिला आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.